उपाशी पाणी

खारे पाटील मिठाचा खडा जिभेवर ठेवून हवेतला ओलावा सांगत असत, असे आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत छापून आले आहे. ते धादांत खोटे आहे. प्रयोगशाळेतला कोणताही पदार्थ तोंडात घालायचा नाही, हा नियम त्या इमारतीतल्या आम्हा पदवीधरांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी मोडला असेल. पाटलांनी तो एकदाही मोडला नाही. ते मीठ चाखत नसत, ऐकत असत. अंगाला लावायच्या पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा, झाकणाला भोके असलेला, त्यांनी खडेमिठाने अर्धा भरून खिडकीच्या गजाला टांगून ठेवला होता. सकाळी आल्याबरोबर, चपला काढायच्याही आधी, ते तो डबा कानाशी धरून हलवत. खडे खुळखुळले तर हवा कोरडी. दबक्या आवाजात सरकले तर दमट. आणि मुळीच हलले नाहीत तर डबा पुन्हा गजाला अडकवून म्हणत, "आज फोटू नका काडू, सायेब. हवा पान्यान बसलीय."

समोरच्या भिंतीवर परदेशातून आणलेला आर्द्रतामापक होता. डबा आणि मापक यांचे जमले नाही, तर पहिल्या वर्षी मी मापकावर विश्वास ठेवत असे. दुसऱ्या वर्षी मापकातला, ओलाव्याने लांबणारा-आखडणारा केसच तुटलेला आढळला. त्यानंतर मी दोन्हींकडे पाहू लागलो; पण पहिल्यांदा कोणाकडे, हे मी तेव्हा कोणाला सांगितले नसते.

हे लिहिण्याचे कारण ती स्मरणिकाच. ठाण्याला खाडीच्या अंगाला असलेली आमची छोटी संशोधनसंस्था बंद होऊन बरीच वर्षे झाली. आता जुन्या मंडळींनी तिच्या आठवणी एकत्र छापल्या आहेत. त्यांत आमच्या माजी कार्यालयीन अधीक्षकांनी लिहिले आहे की, संस्थेचा लेसरवरचा सर्वांत मोठा प्रयोग एका शिपायाने मूठभर मीठ टाकून नासवला. आणि माझी विद्यार्थिनी सुलभा हिने परदेशातून लिहून पाठवले आहे की, पाटील हे अशिक्षित ऋषी होते, सारे विज्ञान त्यांना उपजत कळत होते. अधीक्षक त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत, तेव्हा त्यांच्या अज्ञानाला मी क्षमा करू शकतो. सुलभा रोज तिथे होती. म्हणून तिच्यावर माझा राग अधिक आहे. पाटील शिपाई नव्हते आणि ऋषीही नव्हते. ते प्रयोगशाळा परिचर होते, सातवी उत्तीर्ण होते, आणि त्यांच्याबाबतीत घडले ते इतके साधे आहे की त्याला निंदेची गरज नाही आणि आरतीचीही नाही.

संस्थेत दोन पाटील होते. एक उपाहारगृहात चहा करणारे. ते गोडे पाटील. दुसरे आमचे, ते खाडीकाठच्या एका मिठागराच्या गावातले, म्हणून खारे. तिशीपर्यंत त्यांनी आगरात काम केले होते. बांध घालणे, भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडणे, मीठ पिकले की ओढून रास करणे, ही कामे त्यांच्या हाताला होती. पुढे आगराचा मोठा भाग भराव टाकून बुजवला गेला आणि पाटील नोकरीला लागले. दोन पाटील व्हरांड्यात एकमेकांना भेटले की गोडे पाटील विचारीत, "काय खारेशेठ, आज कंचा मासा खारवला?" यावर खाऱ्यांचे उत्तर ठरलेले असे : "तुजाच चा खारवायचा राहिलाय."

त्यांची दुसरी सवय दाराशी बसण्याची. क्ष-किरणांची नळी चालू झाली की ते आपले स्टूल दारात आडवे टाकत आणि फिल्मवर किरण पाडण्याचे काम, म्हणजे प्रकाशन, संपेपर्यंत, सलग तीन-साडेतीन तास, तिथून हलत नसत. एकदा खुद्द संचालक पाहुण्यांना घेऊन आले. पाटील उठून उभे राहिले, नमस्कार केला, स्टूल मात्र जागचे हलवले नाही.

"चालू हाय, सायेब. थांबा जरा."

"अहो, मी संचालक आहे."

"व्हय. पन त्या किरनांना ठाव नाय ते."

संचालक पाहुण्यांसह चहाला गेले. तो प्रसंग स्मरणिकेत संचालकांच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून आला आहे. संचालक त्या दिवशी हसले नव्हते, हे मी पाहिले आहे.

आता प्रयोग काय होता, ते सांगितले पाहिजे. नाहीतर पुढचे भांडण कोणालाच कळणार नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध रेणूंचा एक अतिशय पातळ पडदा असतो. अंड्याच्या पिवळ्या बलकातून तसलेच रेणू वेगळे काढता येतात. ते काचेवर पसरून दमट हवेत ठेवले की त्यांचे आपोआप पडदेच पडदे तयार होतात, चिरोट्याच्या पदरांसारखे एकावर एक, आणि प्रत्येक दोन पदरांच्या मध्ये पाण्याचा एक थर. क्ष-किरण त्यांवर तिरपे सोडले की फिल्मवर रेषा उमटतात. त्या रेषांमधले अंतर मोजले की पदरांमधले अंतर कळते. आणि ते उलट कळते. रेषा लांब गेल्या, तर पदर जवळ आले. आम्ही या पदरांवर लेसरचा हिरवट प्रकाश टाकत होतो आणि प्रकाश पडल्यावर पदर आकसतात की नाही, एवढेच पाहत होतो. आकसले, तर प्रकाशाने पेशीचा पडदा हलवता येतो असे म्हणता आले असते. त्या काळी देशात हे काम करणारे लोक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांत मी एक होतो. हे मी फुशारकीने सांगत नाही. पण कोणी नाकारले तर ऐकूनही घेत नाही.

या सगळ्यात खरा शत्रू म्हणजे पाणी. पदरांमधले पाणी थोडे कमी झाले तरी पदर जवळ येतात, प्रकाश असो वा नसो. म्हणून नमुना एका पितळी पेटीत ठेवत आणि पेटीच्या तळाशी मिठाचे संपृक्त द्रावण एका बशीत ठेवत. म्हणजे पेटीतली हवा कायम एकसारखी दमट राहते. मीठ खायचे नव्हे, पोटॅशियम सल्फेट. हे काम पाटलांचे होते आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बशी उजेडाकडे धरून ते पाहत. तळाशी न विरघळलेल्या मिठाचा थर दिसला तर म्हणत, "पोट भरलंय पान्याचं." नाही दिसला तर, "उपाशी हाय आजून." पुस्तकात याला संपृक्तता म्हणतात आणि तिच्यावर दोन पाने असतात. त्या दोन पानांत पाटलांच्या चार शब्दांहून अधिक काही नाही. उपाशी पाण्याचा भरवसा नाही, ते घडोघडी बदलते. पोट भरलेले पाणी आपल्या जागेवर राहते.

अडचण एक होती. भरल्या पोटाच्या पाण्यातले मीठ बशीच्या कडांवरून वर चढते. आठवड्याभरात पेटीच्या भिंतींवर पांढरी खपली धरे, ती पेटीला किरणांसाठी ठेवलेल्या खिडकीच्या अभ्रकापर्यंत पोचे, आणि मग फिल्मवर मिठाच्या स्फटिकांचे भलतेच ठिपके उमटत. तज्ज्ञांची एक समिती पाहणीला येणार होती. मी हुकूम केला : द्रावण गाळून घ्या, त्यात थोडे पाणी घाला, म्हणजे खपली धरणार नाही, आणि रोज सकाळी ताजे भरा. माझे कारण मूर्खपणाचे नव्हते. ठिपके खरे होते, खपली खरी होती. पाणी पेटीतून फार उडणार नाही, हा माझा अंदाज मात्र मी तपासला नव्हता.

पाटील बशी हातात घेऊन उभे राहिले. "सायेब, तलाला मीठ दिसलं पायजे."

"खपली होते ना, पाटील."

"खपली मी रोज पुसतो. पन पानी उपाशी नका ठेवू."

सुलभा तिथेच होती, दुसरे दोन विद्यार्थी होते. मी म्हणालो, "ही प्रयोगशाळा आहे, पाटील. मिठागर नाही."

त्यांनी हुकूम पाळला. द्रावण गाळले, पाणी घातले, बशी लख्ख पुसून पेटीत ठेवली. समितीने पेटीच्या स्वच्छतेची विशेष प्रशंसा केली.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते. ते आठवताना मला आज सर्वांत अस्वस्थ वाटते. प्रकाश पडला की पदर आकसू लागले. एकदा नव्हे, रोज. सुलभा कल्याणहून सकाळी लवकर येई, लेसर न लावता, अंधारातले क्ष-किरणांचे प्रकाशन सुरू करी. दुपारी लेसर लावून दुसरे. फिल्म धुऊन ती रेषांची अंतरे सूक्ष्मदर्शकाखाली मोजी आणि धावत माझ्या खोलीत येई. "सर, आजपण!" मी संचालकांना सांगितले. संचालकांनी मोठ्या लेसरसाठी अर्ज धाडला. एका परिषदेत मी तो निष्कर्ष वाचला आणि टाळ्या घेतल्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. डोंबिवलीला आमच्या इमारतीतल्या शेजाऱ्याने ते कात्रण जिन्यातल्या फलकावर लावले, आणि मी येता-जाता त्याच्याकडे न पाहिल्याचे दाखवत पाहत असे.

पाटलांनी या काळात मला दोनदा अडवले. पहिल्यांदा म्हणाले, "सायेब, ह्यो तुमचा दिवा पानी वढत नाय. दुपारचं वारं वढतं. आमचे आगरान बी दुपारीच मीठ पिकतं." मी हसलो. दुसऱ्यांदा ते जरा निकराने बोलले. "एक डाव उलटं करून बगा. आदी उजेड, मंग अंदार."

हे करण्यासारखे होते. करायला हवे होते. पण आमच्या प्रयोगात अंधार नेहमी सकाळी आणि उजेड नेहमी दुपारी, हा क्रम निसर्गाने नव्हे, नळाने ठरवला होता. क्ष-किरणांची नळी आणि लेसर दोन्ही वाहत्या पाण्याने थंड ठेवावे लागत. सकाळी गच्चीवरच्या टाकीत जेमतेम एका यंत्रापुरते पाणी असे. दुपारी पालिकेचे पाणी चढले की दोन्ही यंत्रे चालवता येत. म्हणजे रोज सकाळी ताजे, पातळ द्रावण, पेटीत दमट हवा, पदर फुगलेले. दुपारपर्यंत पाणी उडून द्रावण दाट, हवा कोरडी, पदर आवळलेले. आणि नेमका तेव्हाच आम्ही दिवा लावायचो. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत, जिथे सकाळी नळाला पाणी येते, तिथे ही चूक अशी झाली नसती. पाटलांना मी उत्तर दिले, "टाकी तुम्ही भरणार का सकाळी?" ते म्हणाले, "भरीन की. बालदीनं भरीन." मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती, हे मला आज माहीत आहे.

मग एका सोमवारपासून पदर आकसेनासे झाले. सुलभेला वाटले, लेसर बिघडला. लेसर तपासला. फिल्म बदलली, नवीन अंडी आणली, नवीन नमुने केले. चार दिवस हाच प्रकार. शुक्रवारी तिने पेटीतली बशी बाहेर काढली आणि तिच्या तळाशी पांढरा थर पाहिला.

"पाटीलकाका, हे कुणी टाकलं?"

"मी."

"कधीपास्नं?"

"सोमवारधरनं."

"अहो, पण सांगायचं ना! चार दिवस गेले माझे."

"सांगितलं व्हतं, बाय. तीन मैने सांगीत व्हतो."

सुलभा माझ्याकडे आली तेव्हा रडकुंडीला आली होती. मी तिचे ऐकून घेतले, तिला घरी पाठवले, आणि कागद पुढे ओढला. दहा मिनिटे लागली. दहा मिनिटांत मला सगळे कळले : सकाळचे पातळ पाणी, दुपारचे दाट पाणी, टाकी, क्रम, तीन महिने, परिषद, टाळ्या. समोरचा चहा निवला. हे मी प्रथमच लिहीत आहे. आजवर मी असे सांगत आलो की तपासाला कित्येक आठवडे लागले. तपास आठवडे चालला हे खरे. मला कळायला दहा मिनिटे पुरली होती.

सोमवारी कार्यालयात कागद तयार होता. प्रयोगाच्या साहित्यात अनधिकृत हस्तक्षेप करून नमुने दूषित केल्याबद्दल पाटलांना ज्ञापन. त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती. मी कचरलो. संचालक म्हणाले, "नव्या लेसरच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत हे असंच राहू दे. मग तुम्ही हवं ते दुरुस्त करा." मी सही केली. स्मरणिकेतल्या अधीक्षकांनी जे लिहिले आहे, त्याचा उगम त्यांच्या द्वेषात नाही. तो माझ्या सहीत आहे. त्यांनी तो कागद फाइलला लावला आणि खरा मानला. कागदावर माझी सही होती, मग त्यांनी खरा का मानू नये?

पाटलांना भांडारात हलवले. तिथे काचेची भांडी मोजायची आणि वहीत लिहायची, एवढेच काम. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. मीच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाने जाऊ लागलो. गोडे पाटलांनी मात्र मला चहा आणून देणे बंद केले. मागितला तर देत, आणून देत नसत. सहा-सात महिन्यांनी खारे पाटलांनी नोकरी सोडली. शहाडच्या एका कारखान्यात पाण्याच्या शुद्धीकरणाकडे त्यांना काम मिळाले, आणि गावातले घर मोडकळीला आल्यामुळे ते मुलाकडे दिवा स्टेशनजवळ राहायला गेले. ज्या माणसाने जन्मभर पाणी अडवले आणि सोडले, तो दिव्यात हंडे घेऊन नळाच्या रांगेत उभा राहू लागला, असे मला कोणीतरी सांगितले. मी ते ऐकले, आणि विषय बदलला.

ते गेल्यावर मी टाकी सकाळी भरून घेतली. एक जास्तीचा पंप लागला, बस्स. तळाला मीठ ठेवले, खपली रोज पुसून घेतली आणि क्रम उलटा केला : आधी उजेड, मग अंधार. निष्कर्ष असा निघाला की पदर प्रकाशाने आकसतात, पण पूर्वी सांगितले त्याच्या मानाने फारच थोडे. प्रकाशाने नमुना किंचित तापतो आणि पाणी सोडतो, दिवा विझवला की पाणी परत घेतो आणि पदर पूर्ववत होतात. छोटे सत्य होते, पण सत्य होते. मी ते छापले आणि आधीचा निष्कर्ष मागे घेतला. मागे घेताना वाक्य लिहिले : "आर्द्रतेच्या नियंत्रणात त्रुटी राहिली होती." त्रुटी राहिली होती. कोणाची, ते त्या वाक्यात नाही. मी भाषेवर बरीच मेहनत घेतो. त्या वाक्यावर सर्वांत अधिक घेतली.

आता सुलभेच्या ऋषीबद्दल. तिच्या लग्नाला, कल्याणला, पाटील आले होते. पांढरा सदरा, पांढरी टोपी. पंगतीत ते माझ्या शेजारच्या पाटावर बसले. की मी त्यांच्या, हे मला आठवत नाही. पहिला भात संपला. मग त्यांनीच विचारले.

"सायेब, आदी उजेड करून बगितलं?"

"बघितले."

"मंग?"

"उजेडानेही आकसते, पाटील. थोडे. पण आकसते."

त्यांचा घास हातातच राहिला. मग ते मोठ्याने हसले. पंगतीतल्या चौघांनी वळून पाहिले. "म्हंजी माजं बी चुकलं की! मी तर बोलत व्हतो, दिव्यानं काय नाय व्हत." त्यांना खरोखर आनंद झाला होता. "किती आकसतं?" मी दोन बोटांनी दाखवायला गेलो आणि थांबलो, ते अंतर बोटांनी दाखवता येण्यासारखे नाही. "लई बारीक," मी म्हणालो. ते मान डोलावत राहिले. नंतर आवाज उतरवून म्हणाले, "आनि मी मीठ टाकलं त्ये वहीत लिवायला पायजे व्हतं. त्या पोरीचे चार दिस गेले. ती चूक माजी."

तेव्हा, सुलभाबाई, हे तुमचे ऋषी. त्यांना पडद्यांतले काही कळत नव्हते, मिठातले सगळे कळत होते. त्यांचा एक अंदाज खरा ठरला, एक खोटा, आणि खोटा ठरला तेव्हा ते हसले. ऋषी म्हटले की माणसाची चूक करायची मोकळीक जाते. पाटलांनी ती कधी सोडली नव्हती.

त्यांनी आपली चूक सांगितली, त्या क्षणी माझी सांगण्याची पाळी होती. पंगत चालली होती, वाढपी मठ्ठा घेऊन समोर उभा होता. मी वाटी पुढे केली.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पाटील गेले. मला गोडे पाटलांनी सांगितले. खोलीत येऊन, चहाशिवाय. "दिव्याला दहावा झालाय काल. तुमी जाऊन या, सायेब. गेलं पायजे." मी रविवारी गेलो. घर शोधायला वेळ लागला. इमारतींना नावे नव्हती, किंवा सगळ्यांना एकच नाव होते. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत गावाकडची पाच-सहा माणसे बसलेली, पाण्याने भरलेली पिंपे भिंतीला लागून. मुलगा पंचविशीचा असेल. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"साहेब, एक विचारू? राग नका मानू."

"विचार."

"बाबांनी खरंच बिघडवलेला का हो तो प्रयोग? त्यांच्या कारखान्यात लोक बोलायचे. तुमच्या इथला एक माणूस तिकडे आलेला, त्यानं सांगितलेलं. बाबांना विचारलं की ते बोलायचे, सायबांना ठाव हाय. बस. दुसरं काय नाय. मी चिडायचो. अरे, साहेबांना माहीत आहे, तर साहेब बोलत का नाहीत?"

बसलेली माणसे माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "नाही. त्यांनी बिघडवला नाही. बिघडवला मी. त्यांनी दुरुस्त केला."

मुलगा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "हे आईला सांगा. मला नको."

पाटलांच्या पत्नी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी होत्या. आगरात त्यांनी पाटलांच्या बरोबरीने मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या, हे मला पाटलांकडूनच ठाऊक होते. मी उभा राहिलो आणि पुन्हा सगळे सांगितले, या वेळी पूर्ण : गाळलेले पाणी, वर घातलेले पाणी, मिठागराचा टोमणा, सही. मी शब्द शोधून बोलत होतो. सवय जात नाही. माझे झाल्यावर मी बसलेल्या माणसांकडे वळलो आणि म्हणालो की, मी हे तुम्हा सर्वांच्या देखत बोलायला तयार आहे.

"हितं कशाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हितं त्यांना खोटं कोन म्हनतं? हे आगरातले लोक हायेत, यांना सांगायला नको. जितं त्यांचं नाव खराब झालं, तितं जाऊन सांगा."

मी "हो" म्हटले.

संस्था त्यानंतर आणखी काही वर्षे चालू होती, ते ज्ञापन फाइलला तसेच होते, आणि मी रोज तिथे जात होतो.